विहिणीच्या गावात म्हटलेलं ‘नको’

आमच्या निपाणीकडं पाहुण्याला जेवायला बसवलं की त्यानं पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं असतं. हे कुणी शिकवत नाही, पण लहानपणापासून सगळ्यांना येतं. ताटातली भाकरी संपत आली की वाढणारी बाई दुसरी घेऊन येते. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो आणि म्हणतो, ‘बास वो वैनी, लई झालं.’ बाई म्हणते, ‘असं कसं बास? काय खाल्लासा तरी?’ आणि हाताच्या फटीतनं भाकरी ताटात सारते. मग पाहुणा ती भाकरी चवीनं खातो. त्याला ती हवी होती हे दोघांनाही आधीपासून माहीत असतं. पण पहिल्याच दमात ‘आणा’ म्हणणारा पाहुणा अधाशी ठरतो, आणि पहिल्याच ‘नको’वर भाकरीची बुट्टी माघारी नेणारी बाई चिकट ठरते. दोघांचीही गल्लीत नाचक्की होते.

माझं तर पोटच या रीतीवर चाललं. बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान होतं. बोरगावकडची एखादी आक्का यायची, सगळं कपाट खाली काढायला लावायची, मग ‘नको बाई, लई म्हाग हाय’ म्हणून उठायची. मी हलायचो नाही. तिची चप्पल पायात जाईपर्यंत थांबायचो. चप्पल पायात गेली की हळूच म्हणायचो, ‘आक्का, बसा की वो. लुगडं घेऊ नगासा, च्या तर घ्या.’ आक्का परत बसली की समजायचं, लुगडं गेलं. नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पायरी उतरू देणारा माणूस कापडाच्या धंद्यात टिकत नाही.

घरात माझ्या ‘नको’ची काळजी बायको वाहायची. कुणाच्या लग्नात, बारशाला गेलो तर बायकांच्या पंगतीतनं मान वर करून ती ओरडायची, ‘वाढा वो त्यास्नी, ते असंच म्हणत्यात!’ मला राग यायचा. चारचौघांत असं ओरडायचं असतं का? पण त्या ओरडण्यावर मी जन्मभर पोटभर जेवलो. ती गेली आणि माझं ‘नको’ एकटं पडलं.

ती गेल्यावर दुकान मोबाइलवाल्यांना भाड्यानं दिलं आणि मागच्या दुमजली घरात मी एकटा उरलो. संध्याकाळी माणसाचा आवाज यावा म्हणून टीव्ही लावायचा, त्यावर कन्नड बातम्या लागल्या काय आणि मराठी मालिका लागली काय, सारखंच. जेवण खानावळीच्या डब्यातनं यायचं. डब्यात भाकरी मोजून येतात, आणि आग्रह करायला डब्याला तोंड नसतं. कधी भूक असली तरी मी तसाच झोपायचो. दुसऱ्या दिवशी डबा न्यायला येणारा म्हणायचा, ‘काय आण्णा, जेवला न्हाईसा?’ आणि उत्तराची वाट न बघता गाडीला किक मारायचा.

म्हणून मी लेकीकडं फ्रान्सला गेलो. सगळ्यांना सांगितलं, महिन्यानं येतो. खरं म्हणजे मी राहायला निघालो होतो. हे मी कुणालाच बोललो नव्हतो, लेकीलाही नाही. पण शेजारच्या आक्कांना तुळशीची कुंडी देऊन टाकली होती, आणि बॅगेत स्वेटरांच्या घडीत बायकोचा फोटो गुंडाळून घेतला होता. महिन्याभराच्या पाहुण्याला फोटो कशाला लागतो?

आता अडचण अशी, की बापानं लेकीच्या घरी कायमचं राहायला जाणं आमच्यात शोभत नाही. पाहुणा म्हणून जावं, चार दिवस राहावं, नातवंडाच्या हातावर काहीतरी ठेवावं आणि परत यावं. तेव्हा मी स्वतः तोंड उघडून मागायचं हा प्रश्नच नव्हता. बोलणं तिच्याकडनं यायला पाहिजे होतं. तिनं म्हणायचं, ‘आप्पा, आता हितंच राहा.’ मी म्हणायचं, ‘काय तरीच काय!’ तिनं परत म्हणायचं. मी म्हणायचं, ‘लोक काय म्हणतील?’ तिसऱ्यांदा तिनं जरा डोळ्यात पाणी आणावं, आणि मग मी म्हणावं, ‘आता तू ऐकतच न्हाईस तर काय करू!’ विमानात बसल्या बसल्या दोघांचीही बोलणी मी पाठ करून टाकली होती. तिची तर जास्तच.

लेक इंजिनियर आहे. बेळगावला शिकली, पुढच्या शिक्षणाला तिकडं गेली, तिथंच नोकरी लागली आणि तिथलाच नवरा केला. लग्न कचेरीत सह्या करून झालं. तेव्हा बायकोचं दुखणं चालू होतं, आम्हाला जाता आलं नाही. जावई शाळेत गणित शिकवतो. उंच, सावकाश बोलणारा, भला माणूस. पण पक्का गणिताचा मास्तर. नाही म्हणजे नाही आणि हो म्हणजे हो, मधलं काही त्याला ठाऊकच नाही.

पहिल्याच सकाळी त्यानं कॉफीची किटली माझ्यासमोर धरली आणि भुवया वर केल्या. मी म्हटलं, ‘नको, नको.’ त्यानं मान डोलावली आणि किटली जाग्यावर ठेवली. मी वाट बघत बसलो. तो पेपर वाचायला लागला. लेक आंघोळ करून आली तेव्हा मी तिला म्हटलं, ‘ह्या घरात पाहुण्याला च्या-पाण्याचं विचारत न्हाईत व्हय गं?’ ती हसत सुटली. ‘आप्पा, पाहिजे असंल तर व्हय म्हणायचं. हितं एकदाच विचारत्यात.’

‘मग तू तरी विचारायचं हुतंस की परत.’

‘मला वाटलं, खरंच नको असंल.’

पोरगी माझीच, पण रीत विसरली होती. बरं, मीही काही अगदीच मठ्ठ नव्हे. कॉफीला ‘हो’ म्हणायला शिकलो, पावाला शिकलो. शिकताना जीभ जड व्हायची, पण पोट कुणाला चुकलंय?

त्याच आठवड्यात मी एक गोष्ट बघितली. स्वयंपाकघराच्या मागं, बागेच्या अंगाला एक खोली होती. जावई संध्याकाळी शाळेतनं आला की तिला रंग द्यायचा. तिथल्या न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवला होता. तरण्या माणसांच्या घरात असला दांडा कशाला लागतो? मी कुणी नसताना आत गेलो आणि तो दांडा धरून बघितला. चांगला घट्ट होता. माझ्या उंचीला बरोबर येत होता. त्या दिवशी मला बायकोची लई आठवण झाली. तिला सांगायला हवं होतं, की बघ, पोरीनं बोलायच्या आधीच करून ठेवलंय.

मग रविवारी आम्ही विहिणीच्या गावाला गेलो.

फ्रान्सच्या दक्षिणेकडं खेड्यापाड्यांत तटबंदीची जुनी गावं आहेत, त्यातलं ते एक. टेकडीवर बसलेलं, कित्येक शतकांपूर्वीचं. सगळं दगडी. भोवती तट आणि तटाला कमानीची वेस. गाडी वेशीच्या बाहेर ठेवून चालत आत जायचं. मी सवयीनं वाकून वेशीच्या दगडाला हात लावला आणि छातीला नेला. परक्या गावात शिरताना एवढं करावंच लागतं. जावयानं लेकीला काहीतरी विचारलं, तिनं सांगितलं. मग त्यानंही त्या दगडावर हात ठेवला. लहानपणापासून तो त्या वेशीतनं येत-जात होता, पण दगडाला हात लावायचं कधी सुचलं नसावं.

विहीण वेशीपर्यंत सामोरी आली होती. माझ्याच वयाची. पांढरे आखूड केस, पँट, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तिथं एकटीच राहते. आमच्याकडं व्याही-विहीण पहिल्यांदा भेटले की टोपी सरळ करून, नजर खाली ठेवून, चार हातांवरनं रामराम घालतात. हिनं आल्या आल्या माझे दोन्ही खांदे धरले आणि या गालाला एकदा, त्या गालाला एकदा गाल लावला. माझा दगड झाला. लेक म्हणाली, ‘आप्पा, हितली पद्धत हाय ती.’ मी म्हटलं, ‘असंल. निपाणीत सांगू नको.’

घरात गेल्यावर मी लुगडं काढलं. इरकल, काळ्या-लाल काठाचं, दुकानातल्या शेवटच्या मालातलं. बायकोनं आजारपणात स्वतः निवडून बाजूला ठेवलं होतं. ‘विहिणीचा मान हाय, माझ्या हातनं झाला न्हाय तर तुम्ही करा,’ म्हणाली होती. मी ते दोन्ही हातांनी पुढं केलं आणि थांबलो. आता विहीण म्हणणार, कशाला उगंच, एवढं कशाला. मग मी म्हणणार, घ्या वो, एवढं काय त्यात. त्यात निदान पाच मिनिटं जायला हवीत.

तिनं ‘मेर्सी’ म्हटलं, लुगडं माझ्या हातातनं घेतलं, सगळ्यांसमोर घडी मोडली आणि खांद्यावर शालीसारखं गुंडाळून आरशात बघायला गेली. एकदाही नको म्हणाली नाही! मला राग आला. बायकोनं एवढ्या मायेनं ठेवलेलं, आणि ही बाई बाजारात भाजी घ्यावी तशी घेऊन मोकळी झाली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला तेव्हा दिसला नाही असं नाही. पण राग आधी आला होता.

जेवायला बदकाचं मटण होतं, पांढऱ्या घेवड्यासारख्या बिया घालून शिजवलेलं. आमच्या तांबड्या रश्श्याची सर नाही, पण बदक लोण्यासारखं मऊ झालं होतं. माझी प्लेट रिकामी झाल्यावर विहिणीनं पातेलं उचललं आणि काहीतरी विचारलं. मला ते हवं होतं. पण विहिणीच्या घरचं पहिलं जेवण, त्यात तिचं ते गालाला गाल लावणं अजून डोक्यात, मी गडबडलो आणि तोंडातनं निघालं, ‘साकु, साकु!’ परकी भाषा बोलायची म्हटलं की आमच्या सीमेवरच्या माणसाच्या तोंडात आपोआप कन्नड येतं. हुबळीला चालतं, धारवाडला चालतं. फ्रान्सलाही चालेल असं जिभेला वाटलं असावं. आणि चाललंही. बाईला ‘पुरे’ एवढं बरोबर कळलं आणि ती पातेलं घेऊन आत गेली. मी त्या पातेल्याकडं बघत राहिलो.

म्हणजे एक ‘नको’ काय करतं हे मला नुकतंच समोर दिसलं होतं. तरी पुढचं घडलं.

कॉफी झाल्यावर जावयानं दोन्ही हात टेबलावर ठेवले, माझ्याकडं बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द जपून काहीतरी बोलला. लेक माझ्याकडं वळली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

‘आप्पा, तो म्हणतोय, खालची खोली तुमच्यासाठी केलीया. तुम्ही आमच्याकडं कायमचं राहायला यावं, असं आम्हाला दोघांस्नी वाटतंय. येतासा का?’

इतके दिवस ज्याची वाट बघितली ते बोलणं समोर आलं होतं. पण ते यायला नको तिथं आलं होतं. समोर विहीण बसलेली. तिच्यादेखत पहिल्याच दमात ‘हो’ म्हणायचं? लेकीच्या घरात शिरायला टपून बसलेला म्हातारा, असं तिला वाटलं असतं. आणि मला तरी काय वाटलं असतं? पाठ केलेलं पहिलं वाक्य आपोआप बाहेर आलं.

‘छे, छे! काय तरीच काय! माझं घर हाय तिकडं, दुकान हाय, चार माणसं हाईत. मला हितं करमायचं न्हाय.’

जरा जास्तच ठासून बोललो. नको जितकं जोरात, तितका मान मोठा, असा आमच्याकडचा हिशेब. मग मी लेकीकडं बघितलं. आता तिची पाळी होती. ती म्हणेल, ‘असं कसं आप्पा?’

तिनं खाली बघितलं. मग नवऱ्याला दोन वाक्यांत सांगितलं. जावयानं हळूहळू मान डोलावली, हात लांब करून माझा हात दाबला आणि काहीतरी बोलला.

‘तो म्हणतोय,’ लेक म्हणाली, ‘तुमचं आयुष्य हाय, तुम्ही ठरवायचं. आम्ही परत परत विचारून तुम्हाला त्रास देणार न्हाय.’

एवढा मान मला आख्ख्या जन्मात कुणी दिला नव्हता, आणि त्याच मानानं माझं वाटोळं झालं. मी हसून म्हटलं, ‘बराय.’ दुसरं काय म्हणणार?

लेक-जावई भांडी धुवायला लागले आणि विहिणीनं मला खूण केली, चला, गाव दाखवते. खांद्यावर इरकल तसंच. ती पुढं, मी मागं. गल्ल्या एवढ्या अरुंद, की आमच्या बाजारातल्या हातगाड्या अडकल्या असत्या. घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली, लाकडी तुळया बाहेर आलेल्या. मधल्या चौकात लाकडी खांबांवर छप्पर टाकलेला जुना बाजार होता. तिथं एका दगडात लहान-मोठे गोल खड्डे कोरलेले होते. विहिणीनं ओंजळीनं धान्य ओतल्यासारखं करून दाखवलं. धान्य मापायची मापं होती ती! मी म्हटलं, ‘पायली, अधोली! आमच्याकडंबी हाईत, पण लाकडाची.’ ती म्हणाली, ‘वी, वी.’ म्हणजे हो, हो. मी मोठ्या मापात हात घातला. आत नुसती वाळकी पानं होती. बाजारात कुणीही नव्हतं. साबण विकायचं एक दुकान आणि सुऱ्या विकायचं एक दुकान उघडं होतं, ती येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसाठी.

पुढच्या गल्लीत सगळ्या खिडक्यांची झापं लावलेली. विहीण थांबली आणि एकेका घराकडं बोट करून सांगायला लागली. एका घराकडं बोट केलं आणि मान कलती करून डोळे मिटले. म्हणजे वारले. दुसऱ्याकडं बोट केलं आणि मोटारीचं चाक फिरवलं. शहरात गेले. तिसऱ्याकडं बोट करून उन्हाकडं तोंड केलं आणि अंगाला तेल चोळल्यासारखं केलं. हे फक्त उन्हाळ्यात येतात. मला सगळं समजत होतं. मीही माझी गल्ली हवेत मांडली. या घरातला पुण्याला, त्या घरातला बंगळूरला, हे म्हातारा-म्हातारी दोघंही वर. ती मान हलवत होती. मग तिनं स्वतःच्या घराच्या दिशेला बोट केलं आणि एक बोट वर धरलं. मीही माझं एक बोट वर केलं. दोघं तसेच उभे राहिलो, बोटं वर करून. कुणी बघितलं असतं तर म्हातारे येडे झाले म्हटलं असतं.

गल्लीच्या टोकाला तट होता. बेळगावच्या किल्ल्याचा असतो तसा रुंद. आम्ही त्यावर बसलो. खाली नांगरलेली रानं होती, अक्रोडाची झाडं, आणि लांब कुठंतरी एक ट्रॅक्टर. वारं गार होतं. विहिणीनं लुगड्याचा पदर गळ्याशी घट्ट धरला आणि ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मधनंच मागं, घराकडं हात करत होती, कधी स्वतःच्या गुडघ्याला हात लावत होती. मला अक्षर कळत नव्हतं. मी ‘व्हय, व्हय’ म्हणत होतो.

तिचं संपल्यावर मी बोलायला लागलो. कसं सुरू झालं ठाऊक नाही. म्हटलं, ‘विहीणबाई, मला राहायचं हुतं वो. त्याच्यासाठीच आलतो. नको काय खरं म्हणालो व्हय मी? पोरीला तरी कळायला पाहिजे हुतं. बापाचं पहिलं नको कुणी खरं धरतं का? माझी मंडळी असती तर ओरडून सांगितलं असतं तिनं, ते असंच म्हणत्यात म्हणून. आता कोण सांगणार? त्या घरात मला रात खायला उठती. फोटोबी घेऊन आलतो तिचा. अजून बॅगेतच हाय.’ बोलता बोलता आवाज फुटला. बायको गेली तेव्हा चारचौघांत मी रडलो नव्हतो.

विहीण माझ्याकडं बघत होती. तिच्याही डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण वारं होतं, कशाचं ते सांगता येत नाही. ‘वी,’ म्हणाली. मग खिशातनं चार अक्रोड काढून पुढं केले. मी लगेच हात पसरला. अक्रोडापुरता मी शिकलो होतो.

त्यानंतर जेवढे दिवस तिथं होतो तेवढे दिवस मी वाट बघितली. बाजू बाजूनं बोलूनही बघितलं. ‘खोली बेस झालीया,’ म्हटलं. ‘हितली हवा गुडघ्याला मानवतीया,’ म्हटलं. लेक म्हणायची, ‘व्हय न्हवं?’ आणि कांदा चिरत राहायची. एकदा मात्र तिनं सुरी थांबवली आणि विचारलं, ‘आप्पा, तिकडं एकटं वाटत न्हाय न्हवं तुम्हाला?’

आता असं विचारल्यावर बापानं काय म्हणावं? ‘न्हाय गं,’ मी म्हटलं. ‘चिक्कार माणसं हाईत.’

‘मग बरं,’ ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं. मला तिचा राग येत होता, आणि तिची कीवही येत होती. परक्या मुलखात राहून तिनं किती ठिकाणी स्वतःला खरंखरं बोलायला शिकवलं असेल. ते सोडून बापाची खोटी बोलणी उलगडत बसायला तिला कुठनं सुचणार?

विमानतळावर मी बुटाची नाडी सुटली म्हणून वाकलो. ती सुटली नव्हती. सोडून परत बांधली, मग दुसऱ्या पायाची बांधली. दुकानात हीच वेळ मी साधायचो, गिऱ्हाइकाची चप्पल पायात जाताना. लेक शेजारी उभी होती, डोळे पुसत होती. मला वाटलं, आता म्हणेल, बसा की वो आप्पा. ती म्हणाली, ‘सावकाश, आप्पा. वेळ हाय अजून.’

निपाणीत आल्यावर शेजारच्या आक्कांकडनं तुळस परत आणली. त्यांनी कुंडी देता देता विचारलंच, ‘आलासा व्हय? मला वाटलं, लेक ठेवून घेईल.’

‘लई मागं लागली हुती,’ मी म्हटलं. ‘रडली, पाया पडली. मीच ऐकलं न्हाय.’

‘तुम्ही कशाचं ऐकतासा!’ आक्का म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत माझी किंमत वाढलेली दिसली. कुंडी घेऊन मी घरात आलो आणि फोटो जुन्या खिळ्याला परत लावला.

दिवाळी झाल्यावर लेकीचा व्हिडिओ कॉल आला. फोन धरून ती घरात फिरत होती, आणि मागं ती खोली दिसली. खिडकीला पडदा, कोपऱ्यात पलंग. पलंगावर विहीण बसली होती, गुडघ्यांवर माझं इरकल पांघरून.

‘सासूबाई आल्यात राहायला,’ लेक म्हणाली. ‘थंडीत त्या गावात एकटं राहणं अवघड जातंय त्यांना. तुम्ही न्हाय म्हणालासा, मग आम्ही त्यांना विचारलं.’

‘किती येळा विचारलं?’

‘म्हंजे? एकदाच की.’

‘आन काय म्हणाल्या?’

‘व्हय म्हणाल्या.’

लुगडंसुद्धा तिनं असंच घेतलं होतं. विहिणीनं फोनकडं बघून हात हलवला आणि काहीतरी लांबलचक बोलली. लेक हसली.

‘त्या म्हणत्यात, त्या दिवशी तटावर बसून त्यांनी तुम्हाला सांगितलं हुतं म्हणं. लेकानं-सुनेनं मला विचारलं तर मी त्याच दिवशी हितल्या घराला कुलूप लावून त्यांच्याकडं जाईन, असं. आन तुम्ही व्हय, व्हय म्हणालासा, म्हणून त्यांना धीर आला म्हणं.’ मग तिनं फोन जरा जवळ धरला. ‘आप्पा, तुम्हीबी त्यांच्याशी लई वेळ बोलत हुतासा म्हणं. काय बोलत हुतासा एवढं?’

विचारलं होतं तिनं. सरळ, स्वच्छ. भिंतीवरनं बायको माझ्याकडं बघत होती. तिला ओरडता येत असतं तर ती ओरडली असती.

‘काय न्हाय गं,’ मी म्हटलं. ‘पीकपाण्याचं.’

‘एवढा वेळ पीकपाण्याचं?’ ती हसली, आणि तेवढ्यावर सोडून दिलं. तिकडनं भांड्यांचा आवाज येत होता, जावई कुणाला तरी कॉफी विचारत होता, आणि विहिणीचा ‘वी’ ऐकू आला. मग लेक म्हणाली, ‘आप्पा, उन्हाळ्यात या की परत. वरच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची सोय करतो, जागा जरा कमीच हाय, पण पंधरा-वीस दिवस तुम्हाला...’

‘येतो,’ मी म्हटलं. तिचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.